दोन डोळ्यांचा अजिंठा : रॉबर्ट गिलची जोडचित्रे आणि खोलीचे वाचन

मेजर रॉबर्ट गिल हे नाव मराठी वाचकाला परके नाही. ना. धों. महानोर यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे आणि तिच्यावर बेतलेल्या २०१२ च्या चित्रपटामुळे गिल आणि पारो यांची कहाणी आपल्याकडे लोककथेसारखी रुजली आहे. अजिंठ्याला पारोची कबर आहे. तिच्यावर १८५६ हे साल आहे. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे. या कहाणीच्या जोडीने आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असते. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत, बोटांवर मोजण्याइतक्या सोडून, जळून गेल्या.

मला या लेखात गिलच्या तिसऱ्याच कामाविषयी लिहायचे आहे. ते जळाले नाही, हरवलेही नाही. तरीही ते जसे पाहायला हवे तसे आपण पाहिलेले नाही. १८६४ मध्ये लंडनहून दोन पुस्तके निघाली. दोन्हींत छायाचित्रे गिलची आणि मजकूर वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याचा. एकाचे नाव ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’. त्यात ७४ छायाचित्रे आहेत. दुसऱ्याचे नाव ‘वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स ऑफ आर्किटेक्चर अँड नॅचरल हिस्टरी इन वेस्टर्न इंडिया’. या दुसऱ्या पुस्तकातले चित्र एकटे नसते. जवळजवळ सारखी दिसणारी दोन लहान चित्रे शेजारी शेजारी चिकटवलेली असतात. वरवर पाहणाऱ्याला वाटते, एकाच चित्राच्या दोन प्रती आहेत.

त्या दोन प्रती नव्हेत, आणि सगळा मुद्दा तिथेच आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : गिलने अजिंठ्याचे जे सर्वांत मर्मग्राही वाचन केले ते त्याच्या तैलचित्रांत नाही, या जोडचित्रांत आहे, आणि आपण त्या जोडीतले एकच चित्र छापून ते वाचन अर्धे फाडून टाकत आलो आहोत. हे पटवायचे तर आधी खोली म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागेल. मी हा विषय कुठल्या विद्यापीठात शिकलेलो नाही. जुनी पुस्तके, दोन भिंगे आणि बऱ्याच वर्षांची संध्याकाळ यांतून जे हाती लागले ते नव्या वाचकासाठी मुळापासून मांडतो.

खोली कुठे असते?

हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. मागच्या भिंतीवरून अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, म्हणून दोन डोळ्यांना जगाची दोन वेगळी चित्रे मिळतात. वस्तू जितकी जवळ तितका हा फरक मोठा. मेंदू या फरकाचा हिशेब करतो आणि आपल्याला अंतर ‘दिसते’. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहिला की हा हिशेब रोज किती कामाला येतो ते कळते.

इतकी साधी गोष्ट, पण तिचा नेमका अर्थ १८३८ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याने काटकोनात दोन आरसे बसवले आणि दोन बाजूंना दोन रेखाटने ठेवली, अशी की एका डोळ्याला एकच रेखाटन दिसावे. रेखाटने निव्वळ रेषांची होती, छायाप्रकाश नाही की रंग नाही. तरी पाहणाऱ्याला हवेत उभी घनाकृती दिसली. फोटोग्राफीची जाहीर घोषणा व्हायची होती १८३९ मध्ये. म्हणजे स्टिरिओस्कोप हे फोटोग्राफीचे अपत्य नव्हे, ते तिच्याआधी जन्मलेले भावंड आहे. पुढे १९६० च्या सुमारास बेला युलेझ याने बेल प्रयोगशाळेत संगणकाने नुसत्या विस्कळीत ठिपक्यांची जोडचित्रे तयार केली. एकेका चित्रात ठिपक्यांखेरीज काहीच नसते; दोन्ही एकत्र पाहिली की एक चौकोन पृष्ठभागापासून सुटून वर येतो.

यातून निघणारा निष्कर्ष समीक्षेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ही खोली डाव्या चित्रात नसते आणि उजव्याही चित्रात नसते. ती दोघांमधल्या फरकात असते आणि पाहणाऱ्याच्या डोक्यात घडते. जोडीतले एक चित्र काढून घेतले तर निम्मी खोली उरत नाही. अजिबात उरत नाही.

बाकीचा इतिहास झटपट सांगतो. डेव्हिड ब्रूस्टरने १८४९ मध्ये भिंगांचे सुटसुटीत यंत्र सुचवले, पॅरिसच्या ज्यूल द्युबोस्कने ते बनवले आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ते गाजले. १८५४ मध्ये लंडनला खास या चित्रांची कंपनीच निघाली. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकाने १८६१ मध्ये हातात धरायचे स्वस्त यंत्र तयार केले आणि त्याचे पेटंट मुद्दाम घेतले नाही. तेव्हापासून ते दिवाणखान्यांत पोचले. लहानपणी ज्यांनी व्ह्यू-मास्टरचा खटका दाबून चकती फिरवली आहे त्यांनी हेच यंत्र हाताळले आहे. त्या चकतीवर चौदा चित्रे असतात आणि दृश्ये सात.

यंत्र नसले तरी जोडचित्र पाहता येते. दोन्ही चित्रांतल्या एकाच बिंदूंमधले अंतर सहा सेंटिमीटरच्या आसपास असावे. पान हातभर दूर धरून, पानाच्या पलीकडे लांबचा डोंगर आहे असे समजून नजर सैल सोडावी. दोनाची तीन चित्रे होतात. मधले हळूहळू स्पष्ट होते आणि उघडते. काहींना मिनिटभरात जमते, काहींना आठवडा लागतो. डोळे दुखू लागले तर थांबावे. वाचनाची दोन सारखी भिंगे शेजारी धरली तर काम पुष्कळ सोपे होते.

कोरून काढलेली रिकामी जागा

मराठीत ‘खोली’ या एकाच शब्दाने आपण गहनता सांगतो आणि घरातला कोनाडाभर निवाराही. लेणे हे या दोन्ही अर्थांचे मूळ ठिकाण आहे. बांधलेली इमारत दगडावर दगड रचून होते, तिला बाहेरून आकार असतो. लेण्याला बाहेरचा आकार नसतो. डोंगरातून दगड काढून टाकल्यावर जी पोकळी उरते तीच त्याची वास्तू. वेरूळचे कैलास वरून खाली कोरत आणले म्हणून ते मंदिरासारखे मोकळे उभे आहे. अजिंठ्याची लेणी मात्र वाघूर नदीच्या नालाकृती कड्यात आत शिरलेली आहेत. तिथे पाहायचे असते ते काढून टाकलेले.

अशा वास्तूवर एकटे छायाचित्र अन्याय करते. एकोणिसाव्या लेण्याचे दर्शनी रूप घ्या. पुढे खांबांवर तोललेली छोटी पडवी, तिच्यावर मोठे नालाकृती चैत्यगवाक्ष, दोन्ही अंगांना धष्टपुष्ट यक्ष आणि उरलेल्या सगळ्या जागेत बुद्धमूर्तींचे दाट कोरीवकाम. एका चित्रात हे सगळे एकाच पडद्यावर चिकटते. काळ्या बेसॉल्टमध्ये सावलीचा काळेपणा आणि दगडाचा काळेपणा वेगळा काढता येत नाही. गवाक्षाच्या कमानीचा काळा भाग म्हणजे भोक आहे की रंगवलेला ठिपका, हे आधी माहीत असेल तरच सांगता येते.

तेच जोडचित्र म्हणून पाहिले की पडवीचे खांब भिंतीपासून सुटून पुढे येतात. कमान मागे सरते आणि तिच्या आतला काळेपणा पोकळ होतो. यक्ष भिंतीवर ‘लावलेले’ नाहीत, भिंतीत ‘राहिलेले’ आहेत, हे नुसत्या नजरेला कळते. कोरणाऱ्याने कुठे दगड ठेवला आणि कुठे काढला, याचा जणू नकाशाच समोर येतो. तैलरंगातली कुठलीही नकल हे करू शकत नाही, आणि फर्ग्युसनच्या लांबलचक वर्णनांनाही ते जमलेले नाही. या फर्ग्युसननेच १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला होता. त्यातून जी हालचाल झाली तिच्या परिणामी गिलची अजिंठ्याला नेमणूक झाली. वीस वर्षांनी दोघांची नावे एका मुखपृष्ठावर आली तेव्हा नकला करण्यासाठी नेमलेला माणूस पाहण्याची एक वेगळीच रीत घेऊन परतला होता.

हे काम सोपे नव्हते. त्या काळच्या रूढ पद्धतीत काच रसायनाने ओली करायची, ती ओली असतानाच प्रकाश द्यायचा आणि वाळण्याआधी धुऊन चित्र पक्के करायचे. मराठवाड्याच्या उन्हात काच किती वेळ ओली राहील याचा अंदाज कोणीही करावा. जोडचित्रासाठी दोन भिंगांचा कॅमेरा तरी लागे, नाहीतर एकाच कॅमेऱ्याने एक चित्र घेऊन तो आडवा सरकवून दुसरे घ्यावे लागे. नव्या अभ्यासकाने कोणतेही जुने जोडचित्र हाती आल्यावर सावल्यांच्या कडा आणि झाडांची पाने तपासावीत. दोन्ही चित्रांत सावली हललेली असेल तर मधे वेळ गेलेला आहे. म्हणजे कॅमेरा सरकवलेला आहे.

चित्रसूत्रातला एक शब्द

मग गिलच्या तैलचित्रांचे काय? इथे आपल्याच परंपरेतला एक शब्द उपयोगी पडतो. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात ‘निम्नोन्नत’ अशी संज्ञा येते. निम्न म्हणजे खोलगट, उन्नत म्हणजे उंचवट्याचे. सपाट भिंतीवर हा विभाग ज्याला दाखवता येतो तोच चित्र जाणतो, असा त्या ग्रंथाचा निकष आहे. त्यासाठी वर्तनेचे, म्हणजे छटा देण्याचे, तीन प्रकार तो सांगतो : पानाच्या शिरांसारख्या रेषांनी, अतिसूक्ष्म छटेने आणि ठिपक्यांनी. क्षयवृद्धी ही संज्ञा आहे ती वळलेल्या अंगाचे कमीजास्त होणारे माप दाखवण्यासाठी.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा चेहरा या निकषावर पाहावा. नाकावर उजळपणा, कडेला गडद होत जाणारी त्वचा, एकावर एक येणारी माणसे, मागची अर्धी झाकलेली. ही सगळी खोली एका डोळ्याने कळणारी आहे. तिला दोन डोळ्यांची गरज नाही, उलट दोन डोळे तिच्या आड येतात. कारण दुसरा डोळा उघडताच मेंदूला पुरावा मिळतो की समोर सपाट भिंत आहे. चित्रापुढे उभे राहून एक डोळा मिटला तर रंगवलेली खोली वाढते, हा अनुभव कोणालाही घेता येतो.

यावरून अजिंठ्यापुरता एक निकष मांडता येतो. तिथे खोली दोन जातींची आहे. एक चित्रकाराने रचलेली, ती एका डोळ्याची. दुसरी पाथरवटाने छिन्नीने काढलेली, ती दोन डोळ्यांची. पहिलीची तैलरंगात नकल करणे म्हणजे सपाटावरून सपाटावर उतरवणे. त्यात मूळ चित्रकाराची वर्तना गिलच्या युरोपीय सवयीतून गाळली जाणारच. दुसरीसाठी मात्र जोडचित्र हे नेमके साधन होते, कारण त्यात खोलीची नकल नसते. खोली जिच्यामुळे कळते तो फरकच टिपलेला असतो. गिलने दोन्ही कामे केली. आगीने पहिले नेले म्हणून आपण हळहळतो. दुसरे उरले आहे, त्याची मात्र आपल्याला फारशी आठवण नसते.

जोडचित्र कुठे तोकडे पडते

असे असले तरी जोडचित्राची भक्ती करण्याचे कारण नाही. त्याच्या मर्यादा ठोस आहेत.

पहिली अंतराची. दोन डोळ्यांतला फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. एक मीटरवर दहा सेंटिमीटरचा उंचवटा जितका ठसठशीत जाणवतो, तोच दहा मीटरवर सुमारे शंभरपट क्षीण होतो. म्हणून कोरीव खांब जोडचित्रात जिवंत होतात, पण वाघूरच्या पलीकडच्या काठावरून दिसणारी लेण्यांची ओळ सपाटच राहते. यावर उपाय म्हणून दोन चित्रांमधले अंतर वाढवता येते. आजही नवशिक्याला ठोकताळा सांगतात तो असा की सर्वांत जवळची वस्तू या अंतराच्या तीसपट लांब असावी. डोळ्यांइतके अंतर ठेवले तर जवळची वस्तू दोन मीटरवर. अंतर वाढवावे की नाही यावरून १८५० च्या दशकात मोठा वाद झाला. ब्रूस्टरचा आग्रह डोळ्यांइतकेच अंतर ठेवण्याचा होता. अंतर वाढवले की खोली येते खरी, पण डोंगर मातीच्या किल्ल्यासारखा दिसू लागतो. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या कोणालाही हा परिणाम ओळखीचा वाटेल.

दुसरी मर्यादा मापाची. जोडचित्र काय पुढे आणि काय मागे ते सांगते. किती मोठे ते सांगत नाही. त्यासाठी चित्रात माणूस उभा करावा लागतो. त्या काळच्या छायाचित्रांत खांबाशेजारी उभा दिसणारा निनावी माणूस बहुधा मोजपट्टी म्हणून उभा असतो. जोडचित्रात त्याचे अंग गोल होते, तो आपल्यापासून काही हातांवर येतो, आणि मग त्याचे नाव कुठेच नाही हे जास्त खुपते. गिल नावाजलेला शिकारी होता. त्या पुस्तकाच्या नावात वास्तू आणि ‘नॅचरल हिस्टरी’ एका ओळीत बसल्या आहेत, हेही विसरू नये. सगळेच एकसारखे ‘नमुने’ मानणारी ती नजर आहे, आणि खोली वाढल्याने नजर आपोआप उदार होत नाही.

तिसरा आक्षेप जोनाथन क्रेरी या अभ्यासकाचा. १९९० च्या ‘टेक्निक्स ऑफ द ऑब्झर्व्हर’ या पुस्तकात तो म्हणतो की स्टिरिओस्कोपमधली खोली सलग नसते. नाटकाच्या पडद्यांसारखे सपाट थर एकामागे एक उभे दिसतात. पुष्कळ जोडचित्रांबाबत हे खरे आहे. दूरच्या झाडांच्या रांगा अशाच पुठ्ठ्याच्या वाटतात. पण चैत्यगृहाची रचना मुळातच थरांची आहे : आधी पडवी, मग भिंत, मग खांबांची ओळ, मग स्तूप. जवळून घेतलेल्या दाट कोरीवकामात मेंदूला जुळवायला खुणा भरपूर मिळतात आणि खोली सलग होते. गुळगुळीत भिंतीवर खुणाच नसतात म्हणून ती निसटते. क्रेरीचा आक्षेप पॅरिसच्या रस्त्यांना जितका लागू पडतो तितका अजिंठ्याला पडत नाही.

गिलनंतर चाळीस वर्षांनी जोडचित्रांचा धंदा कुठे गेला हे पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण कळते. अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकी कंपनीसाठी जेम्स रिकाल्टनने १९०७ मध्ये ‘इंडिया थ्रू द स्टिरिओस्कोप’ हे पुस्तक केले. शंभर जागा, बरोबर नकाशे, आणि आता तुम्ही इथे उभे आहात, असे बोट धरून सांगणारा मजकूर. घरबसल्या प्रवास हा त्याचा दावा. गिलच्या जोडचित्रांत असला दावा जाणवत नाही. ती तुम्हाला कुठे नेत नाहीत, दगडापुढे थांबवतात.

डावे-उजवे आणि अर्धे चित्र

एक प्रयोग अभ्यासकाने जरूर करावा. जोडीतले डावे चित्र उजवीकडे आणि उजवे डावीकडे ठेवून पाहावे. खोली उलटी होते. उंचवटा खड्डा होतो. व्हीटस्टनने १८५२ मध्ये यासाठी वेगळे यंत्रच वर्णिले होते. नक्षीची वेलबुट्टी चटकन उलटते, मूर्तीचा चेहरा मात्र उलटायला तयार होत नाही. चेहरा पुढेच असतो, हे मेंदूला इतके पक्के ठाऊक असते की तो डोळ्यांचा पुरावा फेटाळतो. म्हणजे खोली पाहणे हे निव्वळ गणित नाही. त्यात आयुष्यभराची ओळख मिसळलेली असते.

ज्यांना ही खोली दिसतच नाही अशीही माणसे आहेत, बहुधा लहानपणीच्या तिरळेपणामुळे. सुझन बॅरी या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सरावाने ती प्रथम दिसू लागली. ऑलिव्हर सॅक्सने २००६ मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि २००९ मध्ये त्यांचे स्वतःचे पुस्तक आले. कार्ल पुलफ्रिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये एका डोळ्यापुढे गडद काच धरली की हलता लंबक पुढे-मागे फिरताना का दिसतो, याचे स्पष्टीकरण दिले. त्याला स्वतःला एका डोळ्याने दिसत नव्हते. तेव्हा मधले चित्र उघडले नाही म्हणून कोणी या विषयापासून दूर जाण्याचे कारण नाही.

दूर गेलो आहोत ते वेगळ्या कारणाने. गिलची छायाचित्रे म्हणून मराठी पुस्तकांत आणि लेखांत जे माझ्या पाहण्यात आले, त्यांत जोडीतले एकच चित्र असते. संपादकाला वाटते, दोन्ही सारखीच आहेत, जागा कशाला घालवा? ओवीचे तीन चरण छापून चौथा सारखाच वाटला म्हणून गाळण्यासारखे हे आहे. संग्रहालयांनी, प्रकाशकांनी आणि दिवाळी अंकांनीही एवढे पथ्य पाळावे : जोडचित्र असेल तर दोन्ही चित्रे, मूळ डाव्या-उजव्या क्रमाने, सहा सेंटिमीटरच्या अंतरात छापावीत, आणि खाली ‘जोडचित्र’ असे लिहावे. खर्च काही वाढत नाही.

अजिंठ्याला जाणाऱ्यांसाठी शेवटी एक सूचना. पहिल्या लेण्यात पद्मपाणीपुढे उभे राहाल तेव्हा थोडा वेळ एक डोळा मिटा आणि चित्रकाराने रचलेली खोली पाहा. एकोणिसाव्या लेण्यापुढे मात्र दोन्ही डोळे उघडे ठेवा, आणि परवानगी असेल तर मोबाइलने एक छायाचित्र घेऊन, चार बोटे बाजूला सरकून दुसरे घ्या. घरी येऊन दोन्ही शेजारी ठेवा. गिलने १८६४ च्या पुस्तकात काय करून ठेवले आहे, ते त्या दोन चित्रांच्या मधोमध तुमचे तुम्हालाच दिसेल.